अस्थींची गणना आणि सांध्यांची कथा

आपल्या भाषेंत हाडाला मोठा मान आहे. पिढीजात धंदा ज्याच्या अंगांत मुरलेला असतो तो हाडाचा शेतकरी; जें वैर बापाकडून मुलाकडे येतें तें हाडवैर; ज्यानें संसारासाठीं देह झिजविला त्यानें हाडांचीं काडें केलीं; आणि ज्याच्या बोलण्याला धरबंध नाहीं त्याच्या जिभेला हाड नाहीं. असें असूनहि आपल्या स्वतःच्या देहांत हाडें किती, हा प्रश्न कोणीं अवचित विचारला तर चांगल्या शिकलेल्या गृहस्थालाहि घटकाभर थांबावें लागतें. उत्तर अगदीं लहान आहे. प्रौढ मनुष्याच्या शरीरांत सामान्यतः २०६ हाडें असतात. परंतु हा तीन अंकी आंकडा निश्चित होण्यास सुमारें दोन हजार वर्षें लागलीं, आणि तीं कां लागलीं हा इतिहास त्या आंकड्याहून अधिक बोधप्रद आहे. त्याचा थोडासा भाग वाचकांपुढें मांडावा, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम आपल्या घरापासूनच आरंभ करूं. चरकसंहितेंत हाडांची संख्या ३६० दिलेली आहे, आणि याज्ञवल्क्यस्मृतीसारख्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांतहि तीच येते. सुश्रुतानें मात्र येथें स्पष्ट मतभेद नोंदविला आहे. वेदवादी लोक ३६० म्हणतात, परंतु शल्यतंत्राच्या दृष्टीनें हाडें ३००च, असें तो सांगतो. आणि लगेच हिशेबहि देतो. हातापायांत १२०, धडांत ११७, मानेपासून वर ६३. पुढें तो हाडांचे पांच वर्ग करतो: कपाटासारखीं चपटीं तीं कपाल, दांत ते रुचक, नाककानांतलीं लवचिक तीं तरुण, बरगड्यांसारखीं वांकडीं तीं वलय, आणि पोकळ नळीसारखीं लांब तीं नलक.

आतां ३६०, ३०० आणि २०६ हे आंकडे शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे दोन प्रकारचे लोक लागलीच पुढें सरसावतात. एक म्हणतो, "पाहा, आमच्या पूर्वजांना साधीं हाडेंहि मोजतां आलीं नाहींत." दुसरा म्हणतो, "आमच्या ऋषींचें चुकणें शक्यच नाहीं. त्या काळीं माणसाला हाडेंच अधिक असतील." आमच्या मतें दोघांनींहि मूळ ग्रंथ उघडून पाहण्याचे श्रम घेतलेले नाहींत. चरकाच्या यादींत ३२ दांत, दांतांचीं ३२ उखळें आणि २० नखें हीं सर्व हाडांत धरलेलीं आहेत. सुश्रुतानें नखें गाळलीं, पण दांत व कूर्चा ठेवल्या. म्हणजे भेद डोळ्यांचा नसून बहुतांशीं व्याख्येचा आहे: हाड कशास म्हणावें, याचा. रुडॉल्फ हर्नले या प्राच्यविद्यापंडितानें १९०७ सालीं ऑक्सफर्ड येथें प्राचीन भारतीय अस्थिविद्येवर एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. निरनिराळ्या याद्या ताडून पाहून, लेखकांच्या हातून त्यांत कोठें बिघाड झाला हें शोधून, मूळ ज्ञान किती बारकाईचें होतें हें त्यानें दाखवून दिलें. शिवाय आजच्या शास्त्राचा आंकडाहि वयाप्रमाणें बदलतो, हें विसरतां कामा नये. नुकत्या जन्मलेल्या मुलाच्या अंगांत सुमारें २७० अस्थिखंड असतात. वाढतां वाढतां ते एकमेकांस जुळतात आणि संख्या खालीं येते.

परंतु सुश्रुताचें खरें मोठेपण त्याच्या आंकड्यांत नाहीं. तें त्याच्या आज्ञेंत आहे. ज्याला शरीराचें निःसंशय ज्ञान हवें असेल त्यानें शव शोधून नीट पाहावें, कारण डोळ्यांनीं पाहिलेलें आणि शास्त्रांत वाचलेलें यांचा मेळ पडला म्हणजेच ज्ञान वाढतें, असें त्यानें सांगितलें. तो केवळ उपदेश करून थांबला नाहीं, रीतहि दिली. शव विषानें किंवा दीर्घ रोगानें मेलेल्या माणसाचें नसावें, अतिवृद्धाचें नसावें, अवयव पुरे असावेत. तें गवत, साल, ताग अशांनीं गुंडाळून पिंजऱ्यांत घालून नदीच्या संथ पाण्यांत आडोशाला ठेवावें. सात रात्रींनंतर बाहेर काढावें आणि वाळा, केस किंवा वेळू यांच्या कुंचल्यानें हळूहळू घासून त्वचेपासून आंत एकेक थर उलगडून पाहावा. ज्या समाजांत शवाचा स्पर्श अशौच मानला जात होता त्या समाजांत एका आचार्यानें शिष्याला असें सांगावें, यांत केवढें धैर्य आहे! पुढें तो कुंचला खालीं ठेवला गेला आणि हातीं पाठांतर उरलें. ३०० ही संख्या तोंडपाठ होती. ती कोठून आली हें पाहण्याची संवय मात्र गेली. एखादें शास्त्र मरतें तें असें मरतें. ग्रंथ जळावे लागत नाहींत. ते केवळ पूज्य व्हावे लागतात.

हा दोष आपल्याच मातींतला, असें समजून कोणीं खंत करण्याचें कारण नाहीं. यूरोपांतहि हेंच घडलें, आणि तेथें पूज्य झालेला पुरुष होता गेलेन. हा ग्रीक वैद्य इ. स. १२९ च्या सुमारास पर्गामम येथें जन्मला. तरुणपणीं तो तेथील झुंजणाऱ्या मल्लांचा शस्त्रवैद्य होता. हाडें शिकावयाचीं तर अलेक्झांड्रियाला जा, तेथें खरीं मानवी हाडें समोर ठेवून शिकवितात, असा उपदेश तो करी. नदीच्या पुरानें थडग्यांतून वाहून आलेलें एक प्रेत आणि रस्त्याच्या कडेला पडलेला एका दरोडेखोराचा सांगाडा, या दोहोंचा आपण कसा उपयोग करून घेतला हें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. परंतु माणसाचें शवच्छेदन त्याला करतां आलें नाहीं. त्यानें फाडलीं तीं बहुतेक माकडें, डुकरें आणि गुरें. साहजिकच जनावरांतलें पुष्कळ कांहीं माणसाच्या नांवावर लिहिलें गेलें. खालचा जबडा दोन हाडांचा आणि छातीचें मधलें हाड सात तुकड्यांचें, हीं त्यांतलीं दोन प्रसिद्ध उदाहरणें. गेलेन पाहणारा होता. त्याच्यामागून आलेले हजार बाराशें वर्षांतले बहुतेक पंडित वाचणारे होते.

त्या वाचणाऱ्यांच्या गर्दींत एक अपवाद आमच्या मनाला फार ओढून घेतो. बगदादचा अब्दुल लतीफ हा विद्वान इ. स. १२०० च्या सुमारास ईजिप्तमध्यें होता, आणि त्याच वेळीं तेथें भयंकर दुष्काळ पडला. माणसें इतकीं मेलीं कीं पुरावयास कोणी उरलें नाहीं. एका ठिकाणीं हाडांचे ढीगच्या ढीग पडलेले होते. अब्दुल लतीफ तेथें गेला आणि त्यानें खालचे जबडे तपासण्यास सुरुवात केली. एक नव्हे, दहा नव्हे, दोन हजारांवर कवट्या त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं पाहिल्या. आणि प्रत्येकींत खालचा जबडा एकाच हाडाचा, त्यांत शिवण कोठेंहि नाहीं. गेलेनविषयीं पूर्ण आदर ठेवून त्यानें लिहून ठेवलें कीं, इंद्रियांची साक्ष गेलेनच्या साक्षीहून अधिक विश्वसनीय आहे. ही ओळ कोणीं फारशी वाचली नाहीं. जबडा आणखी तीनशें वर्षें दोन हाडांचाच राहिला.

तो एक झाला आंद्रेआस वेसालियस याच्या हातून. १५१४ च्या अखेरीस ब्रुसेल्स येथें जन्मलेला हा तरुण विद्यार्थिदशेंतच हाडांसाठीं इतका वेडावला होता कीं, लूवेन गांवाबाहेर फांसावर लटकलेला एक सांगाडा त्यानें तुकड्यातुकड्यानें घरीं आणला. १५३७ सालीं पादुआ येथें त्याला शस्त्रविद्येच्या अध्यापकाचें पद मिळालें. त्या काळीं अध्यापक उंच आसनावर बसून गेलेन वाची आणि खालीं दुसराच कोणी सुरी चालवी. वेसालियस आसनावरून खालीं उतरला आणि त्यानें सुरी स्वतःच्या हातीं घेतली. या एका कृतींत पुढचें सर्व आलें. १५४३ सालीं बाझल येथें त्याचा मानवी शरीराच्या रचनेवरचा महाग्रंथ छापून निघाला. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते असें सांगणारा कोपर्निकसचा ग्रंथहि त्याच वर्षाचा. छातीचें हाड सात तुकड्यांचें नसून तीन भागांचें, जबडा एकच, आणि पुरुषाला स्त्रीपेक्षां एक बरगडी कमी नसून दोघांनाहि बारा जोड्या, हें त्यानें चित्रांसह दाखविलें. त्या चित्रांतील एक सांगाडा थडग्याला टेकून, कवटीवर हात ठेवून विचारांत गढलेला उभा आहे. तें पाहून हंसावें कीं गंभीर व्हावें हें कळत नाहीं. त्याचा पॅरिसचा गुरु सिल्व्हियस याला हें सहन झालें नाहीं. गेलेन चुकला नाहीं, गेलेननंतर मनुष्याचें शरीरच बदललें आहे, असा युक्तिवाद त्यानें केला. आणि १५५१ सालीं शिष्याच्या नांवावर कोटी करून त्याला वेडा ठरविणारी एक पुस्तिकाहि प्रसिद्ध केली. त्या काळीं माणसाला हाडेंच अधिक असतील, असें म्हणणारे आमचे मित्र वाचकांना येथें आठवतीलच.

हाडें मोजून झालीं तरी देह उभा राहत नाहीं. दोनशेंसहा हाडांचा ढीग म्हणजे माणूस नव्हे. तीं जेथें भेटतात ते सांधे आणि तीं ज्यांनीं बांधलीं आहेत तीं बंधनें, यांवांचून त्यांना अर्थ नाहीं. येथेंहि सुश्रुताची नजर पाहण्यासारखी आहे. त्यानें सांधे २१० सांगितले आणि त्यांचे हलणारे व न हलणारे असे दोन मुख्य भेद केले. मग आकारावरून आठ प्रकार पाडले, आणि त्यांचीं नांवें त्यानें घरांतून व अंगणांतून उचललीं. खुब्याचा सांधा उखळासारखा. कवटीचीं हाडें शिवलेल्या वस्त्रासारखीं, म्हणून तुन्नसेवनी. जबड्याचा सांधा कावळ्याच्या चोंचीसारखा, म्हणून वायसतुंड. मौजेची गोष्ट अशी कीं, यूरोपीय शास्त्रांत कवटीच्या या सांध्याला जें लॅटिन नांव आहे त्याचाहि अर्थ शिवणच. आणि जबड्याच्या हाडाच्या एका टोंकाला जें नांव मिळालें आहे तें कावळा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलें आहे. कोणीं कोणाचें उसनें घेतलें, असा वाद घालण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. दोघांनींहि तीच वस्तु पाहिली आणि दोघांच्याहि अंगणांत कावळे होते, एवढें स्पष्टीकरण पुरेसें आहे.

सांध्यांना बांधणाऱ्या ज्या दोऱ्या, त्यांस सुश्रुत स्नायु म्हणतो आणि त्यांची संख्या ९०० देतो. आज मराठींत स्नायु म्हणजे आंकुंचन पावणारें मांस असा अर्थ रूढ झाला आहे. सुश्रुताचा स्नायु तो नव्हे. त्याचा स्नायु म्हणजे बांधणारा तंतु. फळ्या पुष्कळ बंधांनीं घट्ट आवळल्या म्हणजे नाव जशी पाण्यावर माणसांचा भार वाहते, तसें स्नायूंनीं आवळलेलें शरीर भार वाहतें, असा त्यानें दृष्टांत दिला. आणि सांध्यांतील ओलाव्यासंबंधीं तो म्हणतो कीं, वंगण घातलेल्या आंसावर चाक जसें सुरळीत फिरतें तसे श्लेष्म्यानें लिप्त असलेले सांधे चालतात. गुडघ्याच्या सांध्यांत आज आपण हेंच पाहतों. दोन हाडांच्या टोंकांवर गुळगुळीत कूर्चेचें अस्तर, भोंवतीं पिशवीसारखें आवरण, त्यांत अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा दाट व चिकट रस, आणि सर्वांना आंतून बाहेरून आवळणारीं चिवट बंधनें. त्या कूर्चेंत रक्तवाहिन्या नाहींत. म्हणूनच ती झिजली तर भरून येणें कठीण. १७४३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें विल्यम हंटर यानें सांध्यांच्या कूर्चेवर निबंध वाचला, त्यांत त्यानें कूर्चा एकदां नष्ट झाली कीं परत येत नाहीं, असें साफ सांगितलें. आजचा शस्त्रवैद्य कृत्रिम गुडघा बसवितो तो या वाक्यापुढें हात टेकूनच.

कूर्चेच्या मानानें हाड फार उदार आहे. हाड म्हणजे निर्जीव आधार, घराच्या वाशासारखा, अशी समजूत पुष्कळांची असते. ती मोडली एका जेवणाच्या पानावर. बेल्चियर नांवाच्या एका लंडनच्या शस्त्रवैद्याला जेवतांना डुकराचीं हाडें लाल दिसलीं. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, तें डुकर एका कापड छापणाऱ्या रंगाऱ्याचें असून त्याच्या खाण्यांत मंजिष्ठाच्या जातीच्या रंगाचा कोंडा येत होता. १७३६ सालीं त्यानें ही गोष्ट प्रसिद्ध केली. फ्रान्समधील द्युहामेल यानें मग जनावरांना कांहीं दिवस तें मूळ खाऊं घालावें व कांहीं दिवस बंद करावें असा प्रयोग केला, आणि हाडांत लाल व पांढरे थर आळीपाळीनें मिळाले. हाड वाढतें, नवें होतें, याचा हा डोळ्यांसमोरचा पुरावा.

याहून विलक्षण पुरावा समुद्रावर मिळाला होता. १७४० सालीं निघालेल्या इंग्रज दर्यावर्दी अॅन्सनच्या सफरींत खलाशांना रक्तपितीनें गांठलें. तेव्हां पन्नास वर्षांपूर्वीं, बॉइनच्या लढाईंत, जखमी झालेल्या एका म्हाताऱ्या शिपायाच्या भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडल्या आणि सांधलेलें हाड पुन्हा सुटलें, असें त्या सफरीच्या वृत्तांतांत नमूद आहे. याचें कारण आज आपल्याला ठाऊक आहे. हाड, कूर्चा, बंधनें, कातडी या सर्वांना जोडून धरणारा जो मुख्य तंतु त्याला कोलाजेन म्हणतात. नांवाचा अर्थ सरस निर्माण करणारा. कारण हाडें व कातडीं उकळलीं कीं सरस निघतो, हें सुतारांना पंडितांच्या आधींपासून ठाऊक होतें. हा तंतु शरीर एकदांच करून ठेवीत नाहीं. तो सदोदित नवा करावा लागतो, आणि करावयास ताज्या फळांतलें व भाजींतलें क जीवनसत्त्व लागतें. तें तुटलें कीं पन्नास वर्षांची डागडुजीहि उकलते. या तंतूची घडण तीन पेडांच्या वेणीसारखी आहे, हें १९५४ सालीं प्रथम सुचविलें तें मद्रास विद्यापीठांतील गोपालसमुद्रम् नारायण रामचंद्रन् व गोपीनाथ कर्ता या दोघांनीं. सुश्रुताच्या स्नायूचा पेड शेवटीं त्याच्याच देशांत उलगडला, याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाहीं. कारण तो पाठांतरानें उलगडलेला नाहीं, क्ष-किरणांनीं काढलेल्या छायाचित्रांनीं उलगडला आहे.

मनुष्याचीं हाडें नीट कळल्यावर इतर प्राण्यांचीं त्यांच्या शेजारीं ठेवून पाहण्याचा मोह होणारच. १५५५ सालीं पिएर बेलाँ या फ्रेंच पंडितानें पक्ष्यांवरच्या आपल्या पुस्तकांत माणसाचा व पक्ष्याचा सांगाडा समोरासमोर छापून हाडाला हाड जुळवून दाखविलें. माणसाचा हात, वटवाघुळाचा पंख, चिचुंद्रीसारखा जमीन उकरणाऱ्या प्राण्याचा पंजा, घोड्याचा पाय, देवमाशाचें वल्हें, या सर्वांत तोच क्रम: वर एक हाड, मग दोन, मग मनगटाचे खडे, मग बोटें. जिराफाच्या त्या लांब मानेंतहि मणके आपल्यासारखे सातच. १८३७ सालीं जर्मन शास्त्रज्ञ रायखर्ट यानें दाखविलें कीं, सरड्यासारख्या प्राण्यांच्या जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांचा असतो तीच हाडें आपल्या कानाच्या आंत अगदीं लहान होऊन बसलीं आहेत. ओवेननें अशा जुळणीला शास्त्रीय नांव दिलें. ती कां आहे याचें उत्तर १८५९ सालीं डार्विननें दिलें: सर्वांचा पूर्वज एक. आपण ऐकतों तें एका जुन्या जबड्यानें ऐकतों.

आतां एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून हा लेख संपवितां येत नाहीं. हें सर्व ज्ञान कोणाच्या हाडांवर उभें आहे? वेसालियसनें १५४३ सालीं बाझल येथें तयार केलेला सांगाडा अजून तेथील संग्रहालयांत आहे. तो देहदंड झालेल्या एका गुन्हेगाराचा. एडिंबरा येथें १८२८ सालीं बर्क व हेअर या दोघांनीं सोळा गरीब माणसें मारून त्यांचीं प्रेतें शरीरशास्त्राच्या वर्गाला विकलीं. फांशी गेलेल्या बर्कचा सांगाडाहि शेवटीं त्याच विद्येच्या कपाटांत गेला. त्या प्रकारानंतर इंग्लंडांत १८३२ सालीं कायदा झाला आणि बेवारशी प्रेतें विद्यालयांस मिळूं लागलीं. आपल्याकडे कलकत्त्याच्या वैद्यकीय विद्यालयांत पंडित मधुसूदन गुप्त यांनीं १८३६ सालीं सुरी हातीं घेऊन सुश्रुताची बंद पडलेली वाट पुन्हा उघडली. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें, आणि १९४९ सालीं मुंबई इलाख्यांतहि बेवारशी प्रेतांसंबंधीं तसाच कायदा आला. परंतु दुसरी बाजूहि आहे. अनेक वर्षें यूरोप अमेरिकेंतील विद्यार्थी ज्या सांगाड्यांवर शिकले ते मोठ्या संख्येनें बंगालमधून निर्यात झालेले होते. त्या निर्यातीला सरकारनें १९८५ सालीं बंदी घातली. ज्यांना जिवंतपणीं कोणीं मोजलें नाहीं, त्यांचीं हाडें मात्र जगभर मोजलीं गेलीं. त्यांतल्या एकाचेंहि नांव कोणत्या ग्रंथांत नाहीं.

दधीचीनें आपल्या अस्थि मागितल्यावर दिल्या, म्हणून आपण त्याला ऋषि म्हणतों. या लोकांना कोणीं विचारलें नव्हतें. अलीकडे सुशिक्षित घरांतील कांहीं वृद्ध मंडळी स्वखुशीनें मरणोत्तर देहदानाचा कागद करून ठेवतात, आणि पुष्कळदां मुलेंसुनाच तें ऐकून नाराज होतात. त्या नाराजींतलें प्रेम आम्हांस समजतें. पण ज्या शास्त्रानें आपल्या आईचा मोडलेला खुबा सांधला तें शास्त्र आजवर बहुतांशीं निराधारांच्या देहांवर शिकलें गेलें आहे. तेव्हां एखाद्या घरीं असा कागद निघाला तर तो फाडण्यापूर्वीं मंडळींनीं एकदां एकत्र बसून शांतपणें वाचावा, एवढीच आमची विनंती आहे.